व्यायाम देण्याआधी हृदय आणि फुफ्फुसं कशी तपासावीत: घरी जाऊन उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी

फिजिओथेरपीला येणाऱ्या बहुतेक पेशंटांच्या चिठ्ठीवर हृदयाचं नाव नसतं. गुडघा बदललाय, खांदा आखडलाय, कंबर धरलीये, अर्धांगवायूनंतर चालायला शिकवायचंय, एवढंच लिहिलेलं असतं. पण ज्या वयात गुडघे बदलले जातात त्याच वयात बीपी, साखर आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे आजार ठाण मांडून बसलेले असतात. आपण पेशंटला पलंगावरून उठवतो, चालवतो, जिना चढवतो. ते सगळं ओझं शेवटी हृदय आणि फुफ्फुसांवर पडतं. त्यामुळे ही तपासणी प्रत्येक पेशंटची व्हावी असं माझं ठाम मत आहे. दुसरं म्हणजे, विश्रांतीतले आकडे वहीत उतरवले की काम संपलं असं समजू नये. श्रम पडल्यावर ते आकडे कसे हलतात आणि थांबल्यावर किती वेळात जागेवर येतात, यातून खरी माहिती मिळते.

हॉस्पिटलात मॉनिटर असतो, हाकेच्या अंतरावर सिस्टर असते. घरी आपण, पेशंट आणि घाबरलेले नातेवाईक. म्हणून पुढचं सगळं घरभेटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

बॅगेत काय हवं

बीपीचं यंत्र, स्टेथोस्कोप, ऑक्सिमीटर, मोजपट्टी, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि वही. बीपीच्या यंत्राबरोबर दोन मापांचे पट्टे ठेवा. पट्ट्याच्या आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के भागाला वेढा घालेल एवढी हवी. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर बीपी खोटं जास्त दिसतं, आणि मग विनाकारण व्यायाम रद्द होतो.

आधी बसून बोला

पहिल्या भेटीतली दहा-पंधरा मिनिटं यात गेली तरी चालतील. डिस्चार्ज कार्ड, टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) आणि ईसीजीचा कागद, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट मागून घ्या. गोळ्यांची नावं विचारू नका, गोळ्यांचा डबाच समोर आणायला सांगा. अर्ध्या घरांत कार्डावर एक लिहिलेलं असतं आणि डब्यात दुसरंच निघतं.

प्रश्न पेशंटच्या भाषेत विचारा. ‘छातीत दुखतं का?’ म्हटलं की बहुतेक जण नाही म्हणतात. त्याऐवजी असं विचारा: जिना चढताना, जेवून चालताना छातीवर दडपण येतं का? जबडा, डावा हात, पाठ भरून येते का? थांबलं की बरं वाटतं का? आपल्याकडे हृदयाचं दुखणं वर्षानुवर्षं ‘पित्त’ आणि ‘गॅस’ या नावाखाली खपतं. श्रम केल्यावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं ‘पित्त’ कानावर आलं, की व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना कळवा. मधुमेहात तर छातीत अजिबात न दुखता नुसती धाप, घाम किंवा अचानक गळून जाणं एवढंच दिसू शकतं. बायकांमध्येही लक्षणं अशी आडवळणाने येतात.

पुढचे प्रश्न: रात्री किती उशा घेता? झोपेतून दम लागून उठून बसावं लागतं का? चपला घट्ट होतायत का? वजन वाढलंय का? हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या पेशंटचं वजन तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं धरून चालावं.

‘दम लागतो’ हे मोघम उत्तर आकड्यात बांधायला एमएमआरसीची ० ते ४ ही मोजणी सोपी पडते. फक्त जोराच्या श्रमाला दम लागतो तो ०, सपाटीवर घाईने किंवा चढावर लागतो तो १, दमामुळे बरोबरीच्या माणसांपेक्षा हळू चालावं लागतं तो २, सपाटीवर शंभरेक मीटर चाललं की थांबावं लागतं तो ३, आणि कपडे बदलतानाही दम लागतो तो ४. महिन्याभराने हाच आकडा पुन्हा विचारला की सुधारणा दिसते.

आणि एक प्रश्न दर भेटीला: आज काय खाल्लंय, उपवास आहे का? एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, त्यात इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेतलेली, आणि आपण वीस मिनिटं व्यायाम दिला तर साखर उतरणारच. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणारी गोळी चालू असलेल्या पेशंटची साखर ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायला द्या, ७० च्या खाली असेल तर साखरपाणी देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. २५० च्या वर असून पेशंट मलूल असेल, उलट्या होत असतील, तर त्या दिवशी व्यायाम नको आणि डॉक्टरांना फोन हवा.

गोळ्यांचा डबा काय सांगतो

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांपैकी ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर नाडी फार वाढणारच नाही. ‘नाडी ८४ आहे, म्हणजे अजून चालवता येईल’ हा हिशोब अशा पेशंटला लावू नका. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन, किंवा छातीसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर उभं राहिल्यावर बीपी उतरू शकतं. लघवी वाढवणाऱ्या गोळीने पाणी आणि पोटॅशियम कमी होतं, त्यातून चक्कर येते आणि ठोके चुकू शकतात. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, ती हृदयाचीच असेल असं नाही. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर खोलवर रगडणं, जोराने ताणणं टाळा आणि पेशंट पडणार नाही याची दुप्पट काळजी घ्या.

यंत्र लावण्याआधी डोळे आणि हात

पेशंट दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे झुकून बसलाय का? श्वास घेताना मानेचे स्नायू ओढले जातायत का? एक वाक्य पूर्ण करताना मध्ये थांबतोय का? ओठ निळसर, नखं फुगीर झालीयेत का? हे सगळं गप्पा मारता मारता दिसतं.

श्वास मोजताना पेशंटला सांगू नका. सांगितलं की लय बदलते. नाडीवर बोटं ठेवल्याचा आव आणा आणि छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजा. मिनिटाला १२ ते २० ठीक. ३० च्या वर असेल तर व्यायामाचा विषयच काढू नका.

डोक्याकडची बाजू ४५ अंशांत उचलून मानेची शीर बघा. छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापासून ती तीन सेंटिमीटरच्या वर फुगलेली दिसली तर हृदयावर ताण आहे. नडगीवर अंगठा दाबून धरा आणि सोडा. खळगा राहतो का, आणि तो एका पायावर की दोन्ही पायांवर, हे लिहा.

एकाच पायावर सूज असेल तर मोजपट्टी काढा. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर घ्या. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक, पोटरी दाबल्यावर दुखणं, नुकतंच ऑपरेशन किंवा अंथरुणाला खिळणं, आधी कधी गुठळी झालेली असणं, कॅन्सर: अशा गोष्टी एकत्र आल्या की शिरेत गुठळी असण्याचा संशय घ्यावा. पाऊल वर ओढून पोटरी दुखते का बघण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही. ती खोटा धीर देते, म्हणून मी ती सोडून दिली आहे. संशय असेल तर चोळायचं नाही, चालवायचं नाही. डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) होऊन औषध सुरू होईपर्यंत थांबायचं.

स्टेथोस्कोप पाठीवर लावताना डावी-उजवी बाजू जोडीने ऐका आणि तळाचा भाग विसरू नका. पोटाच्या किंवा छातीच्या ऑपरेशननंतर तळाशी आवाज मंद झालेला असतो. कफाची खरखर खोकल्यावर बदलते. फुफ्फुसात पाणी साठल्याची बारीक चरचर खोकल्याने जात नाही.

आकडे नीट घ्या

पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, कोणी बोलत नाही, अशा स्थितीत बीपी घ्या. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या (शीर आणि धमनी जोडलेल्या) हाताला पट्टा लावायचाच नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही सोडा. नाडी पूर्ण मिनिट मोजा, विशेषतः ठोके अनियमित वाटले तर. अशा पेशंटला आपोआप फुगणारं यंत्र चुकीचे आकडे देऊ शकतं, म्हणून हाताने घ्यायचं यंत्र वापरा. ऑक्सिमीटरवरची नाडी आणि तुमच्या बोटांना लागलेली नाडी जुळली नाही तर वरचा ऑक्सिजनचा आकडाही धरू नका. हात गार असतील तर चोळून गरम करा, नेलपॉलिश पुसा, बोट बदला.

विश्रांतीत वरचं बीपी १८० च्या वर किंवा खालचं ११० च्या वर, नाडी १२० च्या वर, ताप, नवीन छातीदुखी, आटोक्यात नसलेले अनियमित ठोके, वाढत जाणारी सूज आणि धाप यांपैकी काहीही असेल तर व्यायाम सुरू करू नये. निरोगी फुफ्फुसांच्या माणसाचा ऑक्सिजन ९० च्या खाली असेल तरी हाच नियम. डॉक्टरांनी त्या पेशंटसाठी वेगळ्या मर्यादा लिहून दिल्या असतील तर त्या पाळा.

बरेच दिवस झोपून असलेल्याला उठवण्याआधी पाच मिनिटं झोपलेल्या स्थितीतलं बीपी, मग उभं केल्यावर एक मिनिटाचं आणि तीन मिनिटांचं घ्या. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर उभं राहताना बीपी पडतंय. आधी घोटे वर-खाली, मुठी उघड-बंद, पलंगाच्या कडेला पाय सोडून बसणं, आणि मगच उभं राहणं. हे टप्पे ओलांडायला नातेवाईक घाई करतात. ‘काल तर चालले होते’ हे वाक्य ऐकून घ्या आणि तरीही टप्पे पाळा.

थोडा श्रम देऊन बघा

गुडघेदुखीसाठी बोलावलेल्या एका आजींचा ऑक्सिजन बसून ९५ होता. सगळी उमेदीची वर्षं चुलीपुढे गेलेली. दम लागतो का विचारलं तर ‘वय झालं’ म्हणाल्या. एक मिनिट खुर्चीतून ऊठ-बस करवली आणि आकडा ८६ वर आला, सावरायला तीन मिनिटं लागली. गुडघ्याआधी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. चुलीच्या धुराने, बिडी-सिगारेटने किंवा जुन्या टीबीने खराब झालेली फुफ्फुसं बसल्या जागी सहज लपतात.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी सगळ्यांना माहीत आहे, पण तिला ३० मीटरचा सरळ बोळ लागतो. फ्लॅटमध्ये तो कुठून आणणार? सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागा आखून घेता येते. अंतर कमी ठेवलं तर वळणं वाढतात आणि एकूण चालणं कमी भरतं, म्हणून दर वेळी जागा तीच हवी. साधारण ३० मीटरचा फरक पडला तर तो खरा फरक धरावा. गेल्या महिन्यात हार्ट अटॅक आलेल्याची ही चाचणी घरी करू नये. चालू चाचणीत ऑक्सिजन ८० च्या खाली गेला तर जागीच थांबवा. जागा नसेल तर एक मिनिट ऊठ-बस: हात न वापरता किती वेळा झालं, आधी-नंतर नाडी, बीपी, ऑक्सिजन आणि बोर्ग (पेशंटला स्वतःला किती श्रम वाटले त्याचा आकडा). ऑक्सिजन चार टक्के किंवा जास्त उतरला तर तो आकडा लिहून ठेवण्यासारखा आहे.

बोर्गची मोजणी ६ ते २० अशी असते. ६ म्हणजे काहीच श्रम नाही, १३ म्हणजे थोडं जड, १७ म्हणजे खूप जड. पेशंटला ती मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाखवा, नुसतं तोंडी विचारलं तर सगळे ‘ठीक आहे’ म्हणतात.

आता बीपीकडे बघा. श्रम वाढले की वरचा आकडा हळूहळू चढला पाहिजे आणि खालचा जवळपास तिथेच राहिला पाहिजे. श्रम वाढतायत आणि वरचा आकडा १० किंवा जास्त उतरतोय, याचा अर्थ हृदय पुरं पडत नाहीये. बीपी उतरलं म्हणून बरं वाटून घेणारे मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम सांगते: चालताना उतरणारं बीपी हे चढलेल्या बीपीपेक्षा जास्त काळजीचं आहे.

किती व्यायाम द्यायचा

ठोके कमी करणारी गोळी नसेल तर नाडीचा हिशोब करता येतो. ६० वर्षांच्या माणसासाठी २०८ मधून वयाचे सात-दशांश, म्हणजे ४२ वजा केले की १६६ ही अंदाजे कमाल नाडी. विश्रांतीतली ७६ असेल तर मधली जागा ९० ची. तिचे ४० टक्के ३६ आणि ६० टक्के ५४. म्हणजे ११२ ते १३० मध्ये ठेवायचं. गोळी चालू असेल तर हा हिशोब विसरा आणि बोर्ग ११ ते १३ धरा. त्याच्या जोडीला बोलायला लावा. पाठ असलेलं स्तोत्र किंवा आरती चालता चालता म्हणता आली पाहिजे. ओळीच्या मध्येच श्वास तुटला तर वेग कमी करा. हार्ट अटॅकनंतरच्या पहिल्या दिवसांत विश्रांतीच्या नाडीपेक्षा २० ठोके, बायपासनंतर ३० ठोके, त्यावर नेऊ नका.

वजन उचलताना श्वास रोखला की बीपी झपाट्याने चढतं. ‘श्वास रोखू नका’ सांगून उपयोग होत नाही, मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ मोजायला लावा. हात डोक्यावर नेऊन केलेला व्यायाम पायांच्या तेवढ्याच श्रमापेक्षा हृदयाला जड जातो. शेवटची पाच-दहा मिनिटं वेग हळूहळू उतरवा. एकदम थांबलं की रक्त पायांत साठतं आणि भोवळ येते. लगेच कढत पाण्याची आंघोळही नको.

केव्हा थांबवायचं

- छाती, जबडा, हात यांत दडपण किंवा दुखणं
- डोळ्यांपुढे अंधारी, तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं
- थंड घाम, चेहरा पांढरा किंवा ओठ निळे
- वरचं बीपी श्रमात १० किंवा जास्त उतरणं, किंवा २५० च्या वर, खालचं ११५ च्या वर जाणं
- नव्याने सुरू झालेले अनियमित ठोके
- ऑक्सिजन ८८ च्या खाली येणं आणि थांबूनही वर न चढणं
- पेशंटने ‘बस’ म्हणणं

शेवटच्या मुद्द्यावर वाद घालू नये.

छातीत दुखायला लागलं तर बसवा, कपडे सैल करा, बीपी घ्या. सॉर्बिट्रेटची गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल, बीपी उतरलेलं नसेल आणि पेशंट बसलेला असेल तरच जिभेखाली. आदल्या एक-दोन दिवसांत लैंगिक क्षमतेसाठीची गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट द्यायची नाही. पाच मिनिटांत आराम नाही तर १०८ ला फोन. वाट बघत चहा पाजत बसू नका. शुद्ध हरपली आणि श्वास थांबला तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब सुरू करा.

काही पेशंटांसाठी वेगळी काळजी

बायपासनंतर छातीचं हाड जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. दोन-चार किलोंवर उचलू नका, हात डोक्यावर नेऊ नका, हा जुना कडक नियम आता काही ठिकाणी सैल झाला आहे. दंड अंगालगत ठेवून, दुखणार नाही एवढी हालचाल करू देतात. आपल्या सर्जनने जे सांगितलं ते पाळा. घरात मात्र धोका वेगळ्याच गोष्टींत असतो. प्रेमाने दोन्ही काखांत हात घालून पेशंटला वर खेचणारे नातेवाईक, भरलेली बादली, कणीक मळणं, जड लोखंडी दार ओढणं, स्कूटर स्टँडवर लावणं, जमिनीवर बसून हातांच्या जोरावर उठणं. पहिल्याच दिवशी घरच्यांना दाखवा: कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, खांद्यामागे आणि कमरेला आधार देऊन बसतं करायचं. खोकताना उशी किंवा घडी केलेला टॉवेल छातीशी घट्ट धरायला शिकवा. हाड ‘कट’ वाजतंय, जखम लाल झालीये, पाणी येतंय असं दिसलं की त्याच दिवशी सर्जनकडे पाठवा.

तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र घरी आलेलं असतंच. त्यावरचे ६००, ९००, १२०० हे आकडे श्वास आत ओढण्याच्या वेगाचे आहेत. कित्येक पेशंट त्यात फुंकर मारत असतात. समोर बसून करून घ्या: सावकाश आत ओढा, गोळी दोन-तीन सेकंद वर धरा, सोडा. घाईघाईत दहा वेळा ओढलं तर हातापायांना मुंग्या येतात आणि पेशंट यंत्र कपाटात टाकतो.

सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) पेशंटचा ऑक्सिजन सहसा ८८ ते ९२ मध्ये ठेवायचा असतो. आकडा ९० दिसला म्हणून ऑक्सिजन देणाऱ्या कॉन्सन्ट्रेटरचा वेग स्वतःहून वाढवू नका, त्याने कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. दम लागला की पुढे झुकवून, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला लावा.

विशी-तिशीतल्या बाईला थोड्या श्रमात धाप लागत असेल, लहानपणी सांधे सुजून ताप आल्याचं ती सांगत असेल, तर झडपेचा आजार डोक्यात ठेवा आणि इको होईपर्यंत जोराचे व्यायाम देऊ नका. गरोदर असेल तर जास्तच.

पाठीच्या मणक्याला छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा वरच्या पातळीवर इजा झालेल्याला अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम आणि नेहमीपेक्षा बीपी २० ते ४० ने चढणं असं झालं तर ताबडतोब बसतं करा, झोपवू नका. पट्टे, मोजे सैल करा आणि लघवीच्या नळीला पीळ पडलाय का बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. ते सापडलं नाही किंवा बीपी उतरलं नाही तर हॉस्पिटल.

पेसमेकर नवा असेल तर त्या बाजूचा हात काही आठवडे खांद्याच्या वर नको. पेसमेकर असलेल्याला शॉर्टवेव्ह डायथर्मी (विद्युतलहरींनी खोलवर दिलेली उष्णता) कधीच देऊ नये आणि विजेचा शेक कार्डिऑलॉजिस्टना विचारल्याशिवाय देऊ नये.

नोंद आणि फोन

आधी, दरम्यान, लगेच नंतर आणि पाच मिनिटांनी असे चार रकाने आखा. डॉक्टरांना फोन करताना ‘पेशंटला बरं वाटत नाहीये’ एवढंच म्हटलं तर समोरून ‘विश्रांती द्या’ हेच उत्तर येतं. आकड्यांनिशी बोला. उदाहरणार्थ असं: ‘६८ वर्षं, उजवा गुडघा बदलल्याचा बारावा दिवस. बसून बीपी १३२/८०, नाडी ८८, ऑक्सिजन ९६. वॉकरने २० मीटर चालल्यावर बीपी ११४/७८, नाडी ११८, ऑक्सिजन ८८, श्वास २८. पाच मिनिटांनी ऑक्सिजन ९१. उजवी पोटरी डावीपेक्षा साडेतीन सेंटिमीटर जास्त. व्यायाम थांबवलाय. फुफ्फुसात गुठळी गेल्याची शंका वाटते, १०८ ला फोन केलाय, तुमच्याकडे आणतोय.’